आठवड्याला एक सेंटिमीटर

९ जून

चि. बयो,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने लिहिण्याची माझी पद्धत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझे तीन पानी पत्र मिळाले. त्यातली अडीच पाने काळजीची आणि अर्धे पान माहितीचे आहे. ते अर्धे पान मी पुन्हा मांडतो. चुकत असेल तिथे दुरुस्त कर. टिटवी नऊ वर्षांची आहे. तिचे वडील गेल्या वर्षी मार्चमध्ये गेले. त्यानंतर चार महिने ती वर्गात एक अक्षर बोलली नाही, म्हणून तू तिचे नाव काढून घेतलेस आणि तेव्हापासून तिला घरी शिकवतेस. नोव्हेंबरअखेर शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई येतील. एका जरी विषयात त्यांचे समाधान झाले नाही, तर टिटवीला पुन्हा त्याच वर्गात बसवावे लागेल. गणित, भाषा, विज्ञान यांची चिंता नाही. इतिहासाचे पुस्तक मात्र तिने पलंगाखाली ढकलले आणि म्हणाली, "यातले सगळे मेलेले आहेत. मग त्यांचं पाठ कशाला करायचं?"

प्रश्न बिनतोड आहे. मला नऊ वर्षांचा असताना सुचला नाही, याचे वाईट वाटते.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. इतिहासाची आणि माझी शाळेतच फारकत झाली. पण गेली तीस वर्षे मी विमा कंपन्यांसाठी जळालेली गोदामे आणि बुडालेली तळघरे पाहत आलो आहे. आग कुठून लागली, हे मला आजवर कोणी सरळ सांगितलेले नाही. राखेने मात्र नेहमी सांगितले. इतिहास म्हणजे एवढेच असेल, तर तो मी शिकवू शकतो.

पुस्तक पलंगाखालीच राहू दे. सोबत एक मोहोरबंद पिशवी पाठवतो. तिच्यात गेल्या सोमवारी माझ्या कोटाच्या खिशांत जे होते ते सगळे आहे. तो दिवस मी कसा घालवला, हे टिटवीने वस्तूंवरून शोधून मला लिहायचे. फोन करायचा नाही. बोलणे हवेत विरते. कागद मागे राहतो. आणि एक ताकीद: चहात बुडवून जुना केलेला कागद, कडा जाळलेला नकाशा, असले काही मला पाठवू नये. खोटे पुरावे तयार करणारी पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत.

त्या तीन महिन्यांबद्दल तिने काही विचारले, तर जे ठरले आहे त्यालाच धरून राहा.

तुझा,
मामा


२१ जून

मामा,

तुमचं पत्र मी आधी नमस्कार करून मगच उघडते. न जाणो, आत माझ्याच मागच्या पत्रातल्या चुका लाल शाईत निघायच्या.

पिशवी मिळाली. दुपारभर टिटवी ती टेबलाखाली घेऊन बसली होती. मी पडद्यांची ऑर्डर शिवत होते, आठ खिडक्यांची, मशीन थांबवायला फुरसत नव्हती. मध्येच खालून आवाज आला, "आई, मामाआजोबा डावरे आहेत का?" मी म्हटलं, हो गं, तुला कोणी सांगितलं? "पेन्सिलीने." मग पुन्हा पिशवीत डोकं.

पंधरा महिन्यांत तिने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न, जो जेवणाबद्दल किंवा झोपेबद्दल नव्हता. मशीन चालू ठेवून मी थोडं रडून घेतलं. आवाजात कळत नाही.

तिचा बाबा असाच शिकवायचा तिला. लिफ्टच्या दुरुस्तीला गेला की कधी तिला बरोबर न्यायचा. ही लिफ्ट हुंदका देते म्हणजे दोर ताणलाय, ही कुरकुरते म्हणजे दाराचा रूळ घासलाय. शाळेत विचारलं की बाबा काय करतात, तर ही ऐटीत सांगायची, "बाबा इमारतींची नाडी बघतात."

त्या तीन महिन्यांबद्दल ती काहीच विचारत नाही. विचारत नाही, हेच मला टोचतं.

बयो


२ जुलै

मामाआजोबा,

हा माझा अहवाल. आई म्हणाली अहवाल लिहायचा असतो, उत्तर नाही.

वस्तू: बसची दोन तिकिटं. दातांच्या दवाखान्याचा पत्र्याचा बिल्ला, नंबर १४. लवंगांची पुडी, अर्धी रिकामी. कोटाचं बटण, दोऱ्यासकट. दोन्ही बाजूंनी टोक काढलेली छोटी पेन्सिल.

तुम्ही सोमवारी बसने दवाखान्यात गेलात. तुमचा दात दुखत होता म्हणून तुम्ही लवंगा चघळल्या. तुम्ही वाट बघताना बटण पिरगाळत बसलात, म्हणून ते दोऱ्यासकट तुटलं. पेन्सिलीचं लाकूड ज्या बाजूने झिजलंय त्यावरून तुम्ही डावरे आहात.

आई म्हणते तुम्ही फोनवर सांगितलंत की दात काढला. पण आमच्या दवाखान्यात आत जाताना बिल्ला परत द्यावा लागतो. तुमचा बिल्ला तुमच्या खिशात आहे. म्हणजे तुम्ही आत गेलाच नाहीत. तुम्ही घाबरून पळून आलात.

दात अजून दुखतो का?

टिटवी


११ जुलै

चि. टिटवी,

दुखतो.

तुझा अहवाल निर्दोष आहे. माझ्या हाताखालच्या दोन पदवीधर तरुणांना मी हीच पिशवी दाखवली होती. एकाने बटणावरून मी गरीब आहे असा निष्कर्ष काढला. दुसऱ्याला बिल्ला हे नाणे वाटले. मी तुझ्या आईला खोटे सांगितले होते, हे मान्य करतो. दात येत्या गुरुवारी काढीन आणि पुरावा डबीत घालून पाठवीन.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो: मेलेल्यांचे पाठ कशाला करायचे? पाठ करूच नये. पण गेलेला माणूस जाताना खिसे रिकामे करून जात नाही. त्याच्या खिशात काय होते ते पाहायचे, आणि जेवढे दिसेल तेवढेच लिहायचे. इतकाच इतिहास.

पुढची दोन कामे.

पहिले: आईकडून पडद्यांना लावतात ती पांढरी फीत घे. आठवड्याला एक सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला बावन्न. (दर वर्षी एक दिवस शिल्लक उरतो. तो मी सोडून देत आहे. सोडला आहे, एवढे नमूद कर.) तुझ्या जन्मापासून आजपर्यंत साधारण पाच मीटर फीत लागेल. ती भिंतीवर लाव. जे घडले ते त्याच्या जागी लिही, आणि प्रत्येक गोष्टीखाली ती तुला कशावरून कळली तेही लिही: कागद, वस्तू, की कोणाचे सांगणे. ही फीत पुरी झाली की तशीच दुसरी लावू, आठवड्याऐवजी शतकांची. पुस्तक तेव्हा लागेल.

दुसरे: तुमच्या गल्लीत ज्यावर तारीख आहे अशा वीस वस्तू शोध. पाट्या सोडून. पाट्या सगळ्यांना दिसतात.

मामाआजोबा


३ ऑगस्ट

मामाआजोबा,

दात मिळाला. आईने डबी उघडली आणि ओरडली. मी नाही ओरडले. तुमच्या दाताला तीन पाय आहेत.

फीत लावली. शिकवणीची खोली, दार आणि पुन्हा थोडी खोली इतकी ती झाली. शतकांची फीत मी त्याच्या खाली लावली. पुस्तक पलंगाखालून काढलं. त्यातले राजे दोन-दोन बोटांतच संपतात. त्यांच्या खिशात काय होतं ते पुस्तकात लिहिलेलं नाही, म्हणून मी समासात प्रश्न लिहिले. चाळीस झाले.

गल्लीतल्या तारखा: गटाराचं लोखंडी झाकण. पाण्याच्या टाकीची शिडी. पिठाच्या गिरणीचं जातं, त्याच्यावर कारखान्याचा शिक्का आहे. सिमेंट ओलं असताना कोणीतरी फुटपाथवर काडीने कोरलेली तारीख, आणि तिच्याशेजारी कुत्र्याचा पाय. म्हणजे कुत्रा त्याच दिवशी आला होता. बाकीच्यांची यादी मागच्या पानावर आहे. सतरा झाल्या. अठरावी पण मिळाली आहे. ती नंतर लिहीन.

एक प्रश्न आहे. समजा एका कागदावर एक तारीख आहे, आणि एक माणूस सांगतो की असं झालं नव्हतं. तो माणूस आपल्याला आवडतो आणि तो नेहमी खरं बोलतो. तर खरं काय धरायचं?

टिटवी


१० ऑगस्ट

चि. टिटवी,

कुत्र्याबद्दलचा तर्क मी माझ्या डायरीत उतरवून घेतला आहे. अठराव्या वस्तूची उत्सुकता तू मुद्दाम ताणते आहेस असे दिसते. चांगल्या अहवालात तेही कौशल्य लागतेच.

तुझा प्रश्न पद्धतीच्या मुळाशी जातो, म्हणून त्याचे उत्तर काळजीपूर्वक देतो. कागद त्याच दिवशी लिहिलेला असेल, लिहिणाऱ्याला त्यातून काही साधायचे नसेल आणि त्यात खाडाखोड नसेल, तर कागद खरा धरावा. सांगणारा कितीही जवळचा असो. माणूस आवडतो हा त्याच्या बाजूचा पुरावा नव्हे. माझ्या दाताचेच बघ.

कागद आणि सांगणे जुळले नाही, की तसे स्पष्ट लिहावे: "साक्षीदार अमुक. कागदाशी जुळत नाही." त्यात भीड धरू नये.

तुझी प्रगती पाहून मी निश्चिंत आहे. तपासनीस बाईंनीच आता तयारी करून यावे.

मामाआजोबा


२२ ऑगस्ट

मामा,

हे थांबवा.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी खोलीत गेले. फितीवर गेल्या वर्षीच्या जानेवारी ते मार्च, अकरा सेंटिमीटर, मी माझ्या हाताने लिहिलं होतं: बाबा कामासाठी परगावी. तिने "परगावी" खोडलंय आणि खाली चिठ्ठी डकवलीय. "साक्षीदार: आई. कागदाशी जुळत नाही." अक्षर सुंदर. शब्द तुमचे.

तुमची अठरावी वस्तू काय आहे माहितेय? गल्लीच्या टोकाला दातांचा दवाखाना आहे, त्या इमारतीच्या लिफ्टमधलं तपासणी-कार्ड. लिफ्टवाला दर महिन्याला येतो, तारीख घालतो, सही करतो. एका कार्डावर दोन वर्षं मावतात. तिथे १२ फेब्रुवारीला तिच्या बाबाची सही आहे. एक गोळा आणि लांब शेपूट, उंदरासारखी. ती सही ती झोपेतही ओळखेल. मी सांगत आले की तो तेव्हा दूर होता, गाडीने एक दिवस लागतो इतका दूर. आणि तो होता घरापासून दोनशे पावलांवर.

मी तिला समजावायला गेले. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. आज सहा दिवस झाले, माझ्याशी एक शब्द नाही. शाळेत बसायची तशीच बसते, हात मांडीखाली घालून. मला तोच वर्ग माझ्या घरात दिसतोय, मामा. तपासनीस बाईंनी तिला असं बघितलं, तर इतिहास राहू दे, त्या तिचं नावही विचारणार नाहीत. उचलून शाळेत घालतील.

आणि तिला सांगू तरी काय? तिच्या आठव्या वाढदिवसाला तो तीन तास उशिरा आला, कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं म्हणून. मेणबत्त्या कधीच्या विझल्या होत्या. मी म्हणाले, "तिथेच राहा मग, लिफ्टमध्ये." तीन दिवसांनी तो खरंच पिशवी घेऊन गेला. मी थांबवलं नाही. मला वाटलं येईल, त्याला वाटलं असेल बोलावेल. अकरा आठवडे आम्ही दोघं वाट बघत बसलो आणि बाराव्यात तो कामावर कोसळला. तो परत येणार होता की नाही, हे मला कधीच कळणार नाही. हे लिहायचं का फितीवर? आणि खाली काय लिहू, कशावरून कळलं?

बयो


२९ ऑगस्ट

चि. बयो,

चूक माझी आहे, आणि ती दुहेरी आहे. मुलीला खोटे ओळखायला शिकवले, आणि घरात एक खोटे ठेवले आहे हे मी विसरलो. ते माझेच असल्यामुळे विसरलो, हे अधिक वाईट.

सोबतचे पत्र आधी तू वाच. पटले तर तिला दे. नाही पटले तर फाड. मी विचारणार नाही.

मामा

*

चि. टिटवी,

हे पत्र एका दिवशी, एका बैठकीत, खाडाखोड न करता लिहिले आहे. माझी सही खाली आहे. म्हणजे तुझ्या नियमांप्रमाणे हा कागद धरायला हरकत नाही.

तुझे बाबा त्या अकरा आठवड्यांत परगावी नव्हते. ते गावातच, कामाच्या ठिकाणाजवळ एका खोलीत राहत होते. त्यांचे आणि तुझ्या आईचे भांडण झाले होते. ते कशावरून झाले, हे सांगायचा अधिकार आईचा आहे, माझा नाही. ते तुझ्यामुळे झाले नव्हते, एवढे मी जबाबदारीने लिहितो. २० मार्चला ते कामावर असताना कोसळले. त्यांच्या मृत्यूबद्दल तुला जे सांगितले, त्यात फक्त गाव खोटे होते.

"कामासाठी परगावी" हे वाक्य आईचे नाही. ते माझे आहे. तिने मला फोन करून विचारले, पोरीला काय सांगू? मी जरा विचार केला आणि हे वाक्य तिला दिले. मला वाटले, दोन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे; ते परत येतील आणि वाक्याची गरज उरणार नाही. ते परत आले नाहीत आणि वाक्य राहिले. मग आईला ते मागे घेता येईना. तीस वर्षांत मी एकही खोटा अहवाल लिहिलेला नाही. हा दिला, तोही तोंडी, म्हणून माझ्याविरुद्ध कागद नव्हता. आता आहे.

तेव्हा तुझ्या चिठ्ठीत एक दुरुस्ती कर. साक्षीदार आई नव्हे. साक्षीदार मामाआजोबा.

बाबा त्या आठवड्यांत कुठे होते, हे आता तुला माहीत आहे. त्या दिवसांत त्यांनी काय केले, हे मला माहीत नाही. आईलाही नाही. आम्ही दोघांनी कधी शोधलेच नाही.

मामाआजोबा


१८ ऑक्टोबर

मामाआजोबा,

मी खूप दिवस लिहिलं नाही, कारण मी काम करत होते.

चिठ्ठी दुरुस्त केली. आईशी बोलते आता. आधी फक्त भाजी आणि आंघोळ इतकंच बोलत होते. मग एक दिवस तिने मशीन बंद केलं, खाली बसली आणि मेणबत्त्यांचं सगळं सांगितलं. मला मेणबत्त्या आठवतात. बाबा उशिरा आले ते पण आठवतं. त्यांच्या हाताला ग्रीस होतं आणि त्यांनी केक कोपराने ढकलून माझ्याकडे दिला.

तुम्ही लिहिलंत की कोणी शोधलं नाही. म्हणून मी शोधलं. आमच्या आणि शेजारच्या गल्लीत मिळून नऊ लिफ्ट आहेत. आठ कार्डांवर बाबांची सही महिन्यातून एकदा आहे, जशी असायला हवी तशी.

नववी लिफ्ट आमच्या समोरच्या इमारतीत आहे. तिचं जुनं कार्ड भरलं होतं, पण वॉचमनकाकांनी ते नव्याच्या मागे ठेवलंय. त्याचा फोटो नाही काढला, मी हाताने उतरवलं आणि दोनदा ताडून बघितलं. आधी महिन्यातून एकच सही आहे. मग अशा आहेत:

जानेवारी ६, १३, २०, २७. फेब्रुवारी ३, १०, १७, २४. मार्च ३, १०, १७.

अकरा. सगळे मंगळवार. त्यानंतर दुसऱ्या काकांची सही आहे.

कार्डावर आल्याची आणि गेल्याची वेळ पण असते. आधीच्या महिन्यांत बाबा सकाळी यायचे आणि वीस मिनिटं थांबायचे. या अकरा वेळा संध्याकाळी सात ते आठ. शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी लिहिलंय, सर्व ठीक.

हे मी अजून आईला दाखवलं नाही. दाखवू का?

टिटवी


२६ ऑक्टोबर

चि. टिटवी,

तुझे पत्र मी उभ्याने वाचले आणि मग बसलो.

आईला दाखव. मला दाखवण्याआधी दाखवायला हवे होतेस. त्या कागदावर माझ्यापेक्षा तिचा हक्क मोठा आहे. मात्र दाखवताना कार्डावर जे आहे तेवढेच सांग. बाबा का येत होते, हे कार्डावर नाही. ते आपल्याला हवे तसे आपण भरू नये. ज्या गोष्टीवर विश्वास ठेवायला मन अगदी उतावीळ असते, तीच दोनदा तपासायची असते. माझ्या धंद्यात याला पर्याय नाही, आणि माझ्या मते प्रेमातही नाही.

म्हणून तीन गोष्टी पाहा. एक: त्या महिन्यांत लिफ्ट बिघडत असेल, तर इमारतीच्या तक्रारवहीत नोंद असेल. दोन: वॉचमनकाका काय सांगतात, ते त्यांच्याच शब्दांत लिही आणि कार्डापासून वेगळे ठेव. तीन: बाबा पाऊण-एक तास वर कुठे थांबत असतील, आणि तिथून काय दिसते. हे अंदाजाने लिहू नकोस. जाऊन पाहा. त्याच वेळी पाहा, सात वाजता. एकटी जाऊ नकोस.

मामाआजोबा


२७ नोव्हेंबर

मामा,

आधी निकाल सांगते, नाहीतर तुम्ही वाचता वाचता शेवटाकडे पळाल. एक वर्ष मिळालं. घरीच.

तपासनीस बाई काल येऊन गेल्या. बारीक, चष्म्यावरून बघणाऱ्या, आल्या आल्या म्हणाल्या, "मला पाणी नको, वेळ नको घालवू या." पुस्तक उघडलं, समासातले प्रश्न बघितले, एक-दोन मोठ्याने वाचले, "या राजाला दात दुखायचे का?" आणि हसू दाबलं. मग त्या भिंतीपाशी गेल्या. फितीवर बोट ठेवत ठेवत पुढे सरकल्या आणि त्या अकरा सेंटिमीटरवर थांबल्या. तिथे तारखा आहेत, खाली "कशावरून: कार्ड", आणि त्याच्याही खाली रिकामी चौकट.

"हे कोरं का गं?"

टिटवी म्हणाली, "काय झालं ते माहीत आहे. का झालं ते माहीत नाही. म्हणून 'का'ची जागा ठेवलीय. भरायची नाही, ठेवायची."

बाईंनी चष्मा काढला. पुसला. "तुला हे कोणी शिकवलं?"

"मामाआजोबांनी. ते खोटं बोलले होते, मग त्यांनी शिकवलं."

बाई जाताना दारात मला एवढंच म्हणाल्या, "ती फीत काढू नका."

आता माझं. कार्डाची नक्कल तिने मला महिन्यापूर्वीच दाखवली. समोर ठेवली आणि म्हणाली, "यावर जेवढं आहे तेवढंच वाच हं, आई." मी वाचलं. अकरा मंगळवार. मामा, मी एक महिना स्वतःला बजावते आहे की लिफ्ट बिघडत असेल. तक्रारवही बघितली, त्यात त्या महिन्यांत काही नाही. तरी म्हणते, नोंद राहिली असेल. मला आशा नको आहे. इतक्या उशिरा आलेली आशा फार जड असते.

तुम्हाला आठवतं, माझ्या स्वयंपाकघराला पडदा नाही? अख्ख्या गावाचे पडदे शिवते आणि माझ्याच खिडकीला नाही. तो चिडवायचा, "लोहाराच्या घरी लाकडाची सुरी." अजूनही नाहीच आहे. संध्याकाळी सातला मी ओट्याशी असते. तेव्हाही असायची. ती खिडकी समोरच्या इमारतीकडे आहे.

वॉचमनकाकांनी मंगळवारी वर न्यायचं कबूल केलंय. जायचं धाडस होत नाही. पण टिटवी म्हणते, अंदाजाने लिहायचं नाही.

बयो


१ डिसेंबर

मामाआजोबा,

हा शेवटचा भाग आहे. काल मंगळवार होता.

वॉचमनकाकांचं सांगणं, त्यांच्याच शब्दांत: "तुझे बाबा वर जायचे. लिफ्ट तर चांगली चालायची. मी विचारलं एकदा, काय हो, काय झालंय? तर म्हणाले, काही नाही, बघून जातो. वरचा दिवा लावायचेच नाहीत. मला वाटलं बल्ब गेलाय." हे सांगणं आहे, कागद नाही. बल्ब मी लावून बघितला. लागतो. पण तो नंतर बदलला असेल तर माहीत नाही.

गच्चीच्या खाली लिफ्टची मशीनरूम आहे. तिला एक खिडकी आहे, माझ्या हनुवटीइतकी उंच. बाबांच्या छातीपर्यंत आली असती. खिडकीशी एक उलटा डबा ठेवलेला आहे, बसायला. तो कोणी ठेवला ते वॉचमनकाकांना माहीत नाही, म्हणून मी लिहीत नाही.

सात वाजता आई ओट्याशी उभी राहिली. मी काकांबरोबर वर गेले आणि दिवा बंद ठेवला. आमचं स्वयंपाकघर पूर्ण दिसतं. ओटा दिसतो, आई दिसते, मी टेबलाशी बसते ती खुर्ची दिसते. आईने केस मागे सारले तेसुद्धा दिसलं. मी दोन्ही हात हलवले. तिने हलवले नाहीत. मी पुन्हा हलवले. ती खिडकीकडेच बघत होती, पण तिला मी दिसत नव्हते.

मग मी दिवा लावला. तिने लगेच हात वर केला.

हे मी दोनदा तपासलं. दिवा बंद असेल तर वरून खालचं सगळं दिसतं आणि खालून वरचं काही दिसत नाही. म्हणजे आईने बघितलं नाही असं नाही. तिला दिसणं शक्यच नव्हतं. हे मी फितीवर लिहिलं आहे, आणि खाली लिहिलं आहे, कशावरून: स्वतः पाहिलं.

'का'ची जागा तशीच ठेवली आहे.

मग आम्ही जागा बदलल्या. मी खाली येऊन ओट्याशी उभी राहिले आणि आई वर गेली. दिवा लावू नकोस असं मी तिला सांगितलं होतं. तिने लावला नाही. मी खिडकीकडे बघत राहिले. समोर फक्त काळोख होता, पण ती तिथे आहे हे मला माहीत होतं.

ती किती वेळाने खाली आली ते लिहिलेलं नाही. मी घड्याळ बघितलं नाही.

टिटवी